‘टर्न अप’ : येण्याचे एक इंग्रजी क्रियापद



गेल्या वर्षीच्या हिवाळ्यातील गोष्ट आहे. मधल्या सुटीत दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थी आमच्याकडे आला आणि त्याने विचारले, “सर, माणूस वर कसा वळतो?”

प्रश्नाचा रोख आम्हांला कळेना. तेव्हा त्याने वहीच्या पानावर उतरवून आणलेली एक इंग्रजी ओळ आमच्यापुढे ठेवली. त्याचे वडील पलसाण्याच्या बाजूस कापड रंगविण्याच्या एका मिलमध्ये यंत्रावर काम करतात. आजीची प्रकृती अकस्मात बिघडल्यामुळे ते चार दिवसांची रजा सांगून अमळनेरकडील आपल्या गावी गेले होते आणि चाराचे आठ दिवस झाले होते. मिलमध्ये देखरेख करणारे गृहस्थ दूरच्या प्रांतातील. त्यांना मराठी येत नव्हते. म्हणून त्यांनी घरच्या मोबाइलवर इंग्रजीतून निरोप पाठविला होता : ‘इफ यू डोन्ट टर्न अप बाय मंडे, वुई विल टेक समवन एल्स.’

मुलगा हुशार व कष्टाळू. त्याने शब्दकोश उघडला. ‘टर्न’ म्हणजे वळणे किंवा फिरविणे आणि ‘अप’ म्हणजे वर, एवढे त्यास मिळाले. त्यावरून यंत्राची कळ फिरवून वेग वाढविण्याविषयी ही काही सूचना असावी, असा तर्क त्याने बांधला आणि वडिलांना दूरध्वनीवरून तसे कळविलेही. वडील म्हणाले, “यंत्राचे ना? मग परत आल्यावर पाहू.” मुलाच्या मनात मात्र एक शंका राहून गेली. वाक्यात यंत्राचे नाव नाही, ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’ असे आहे. मग वळायचे ते वडिलांनीच की काय? म्हणून तो आमच्याकडे आला होता.

आम्ही ती ओळ वाचली आणि त्यास म्हणालो, “अरे, ह्यात वरही नाही आणि वळणेही नाही. सोमवारपर्यंत तुम्ही कामावर हजर झाला नाहीत, तर आम्ही दुसरा माणूस घेऊ, असे लिहिले आहे. आधी वडिलांना दूरध्वनी कर.” तो दिवस शुक्रवार होता.

पुढे काय झाले ते शेवटी सांगूच. परंतु दोन लहानशा शब्दांचा अर्थ न कळल्यामुळे एका कुटुंबाची भाकरी जाण्याची वेळ यावी, ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. तो दोष मुलाचा नव्हता. शब्दांचे सुटे अर्थ पाठ करावयास आपण शिकविले, पण त्या शब्दांची जोडी जमली म्हणजे काय होते ते पुरेसे समजावून दिले नाही, हा दोष आम्हां शिक्षकांचा. त्याची थोडी भरपाई व्हावी म्हणून वार्षिकाच्या ह्या अंकात त्याच एका क्रियापदाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्रजीत एखाद्या साध्या क्रियापदापुढे ‘अप’, ‘इन’, ‘आउट’, ‘ऑफ’ असा एखादा चिमुकला शब्द येऊन बसतो आणि दोहोंचा मिळून पुष्कळदा तिसराच अर्थ होतो. अशा जोडीस इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ असे म्हणतात. हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ ह्या लेखकाने इ. स. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ ह्या आपल्या पुस्तकात वापरले व पुढे ते रूढ झाले. नाव अलीकडचे असले तरी वस्तू जुनी आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन ह्यांचा सुप्रसिद्ध इंग्रजी कोश इ. स. १७५५ मध्ये निघाला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी ह्या जोड-क्रियापदांचा उल्लेख करून परकीयांना सर्वांत मोठी अडचण ह्यांचीच पडते, असे नमूद केले आहे. तेव्हा ही क्रियापदे आपणांस कठीण वाटली तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. अडीचशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्रजांच्या कोशकारानेच ती अडचण मान्य करून ठेवली आहे.

पण आपणांस आणखी एक दिलासा आहे. इंग्रजीचे हे कौशल्य आपल्या मातृभाषेस मुळीच अपरिचित नाही. ‘येणे’ हे अगदी साधे क्रियापद घ्या. ‘पाहुणा आला’ ह्या वाक्यात नुसती वार्ता आहे. ‘पाहुणा येऊन पोहोचला’ असे म्हटले की प्रवास संपल्याचा भाव येतो. ‘परीक्षा येऊन ठेपली’ म्हटले की छातीत धडधड होते. ‘पाहुणा येऊन टपकला’ असे म्हटले म्हणजे तो न बोलाविता आला आणि त्याच्या येण्याने घरच्यांना फारसा आनंद झाला नाही, हेही कळते. आता ‘टपकणे’ म्हणजे थेंब गळणे. पाहुण्याच्या अंगातून काही थेंब गळत नाहीत. तरी कोणताही मराठी मुलगा ‘टपकला’ ह्या शब्दाशी अडखळत नाही. कारण ते वाक्य त्याने कोशातून शिकलेले नसते, घरात ऐकलेले असते. इंग्रज मुलाच्या बाबतीत ‘टर्न अप’चेही असेच आहे.

चलथाणसारख्या गावी राहणाऱ्या आपल्या मुलांची तर ह्या कामी दुहेरी तयारी झालेली असते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजी-आजोबा अहिराणी बोलतात व ‘आला’ ह्याऐवजी ‘उना’ म्हणतात. शाळेत आपण ‘आला’ म्हणतो. बाजारात पाऊल टाकले की गुजरातीतील ‘आव्यो’ कानी पडते. आणि कोणी अवचित दारात उभा राहिला, तर शेजारचे गुजराती काका म्हणतात, ‘आवी चड्यो’. ‘चडवुं’ म्हणजे चढणे, वर जाणे. पाहुणा काही झाडावर चढलेला नसतो, नुसता अनपेक्षितपणे आलेला असतो. गंमत अशी की, इंग्रजीतील ‘अप’ म्हणजे ‘वर’ आणि गुजरातीतील ‘चडवुं’ म्हणजेही वर जाणे! दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर, तरी अवचित येण्याची कल्पना दोघींनीही वरच्या दिशेशी जोडली. ज्या मुलास ‘आवी चड्यो’ कळते, त्याला ‘टर्न्ड अप’ कळण्यास काहीच हरकत नसावी.

अर्थ ध्यानात राहावा म्हणून ह्या जोडीचा शब्दशः अर्थही एकदा डोळ्यांसमोर आणू या. ‘टर्न अप’ म्हणजे उलटून वर आणणे. आपल्या गावाभोवतीची उसाची शेते तुम्ही पाहिली आहेत. ऊस निघून गेल्यावर जमीन नांगरतात, तेव्हा खालची काळी माती उलटून वर येते आणि तिच्याबरोबर कधी एखादी गंजलेली विळी, कधी हरवलेले नाणे, कधी बैलाच्या गळ्यातील घुंगरू वर येते. जे होते पण दिसत नव्हते, ते अकस्मात दृष्टीस पडले. हे चित्र मनात धरले, की ‘टर्न अप’चे पुढील सारे अर्थ एका सूत्रात ओवता येतात.

पहिला अर्थ येण्याचा. कोणी न कळविता, न ठरविता आले, म्हणजे इंग्रज म्हणतो, ‘ही टर्न्ड अप’. ‘माय अंकल टर्न्ड अप ॲट मिडनाइट’ ह्याचे भाषांतर ‘माझे काका मध्यरात्री आले’ असे केल्यास चूक होणार नाही, परंतु त्यातील जीव निघून जाईल. ‘मध्यरात्री काका दत्त म्हणून दारात उभे!’ असे म्हटले, तर मूळ वाक्यातील अचंबा मराठीत उतरेल. न कळविता येणाऱ्याविषयी आपल्या परंपरेत अनादर नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ‘अतिथी’ ह्या शब्दाची परंपरेने सांगितली जाणारी फोड, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशीच आहे. आणि अशा पाहुण्यास देव मानावे, ही शिकवण उपनिषदांइतकी जुनी आहे. तेव्हा ‘टर्न अप’ करणारा प्रत्येक जण ‘टपकणारा’च असतो असे नाही. तो नकोसा आहे की हवासा, हे भोवतालच्या वाक्यांवरून ठरते. एकच पाहुणा एखाद्या घरी ‘टपकतो’ आणि दुसऱ्या घरी ‘अवतरतो’! इंग्रजीतील हे क्रियापद त्या बाबतीत तटस्थ आहे. फक्त पुन्हापुन्हा येऊन त्रास देणाऱ्या माणसास इंग्रज लोक खोट्या नाण्याची उपमा देतात व तो खोट्या पेनीसारखा ‘टर्न अप’ होतो, असे म्हणतात. खोटे नाणे कितीही खपवा, ते फिरून आपल्याच हाती येते.

दुसरा अर्थ पहिल्याच्या अगदी उलट वाटेल. आणि आमच्या विद्यार्थ्यास नडला तो हाच. वाक्य नकारार्थी झाले, की ‘टर्न अप’मध्ये अनपेक्षितपणा उरत नाही, त्याच्या जागी अपेक्षा येते. जो यावयाचा नव्हताच, तो आला नाही म्हणून कोण तक्रार करील? ‘ही डिडन्ट टर्न अप’ असे म्हटले, की तो यावयाचा होता, लोक वाट पाहत होते आणि तो आला नाही, असे तिन्ही अर्थ निघतात. दिवाळीच्या आगेमागे चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम जवळ येतो. खानदेशातून व डांगातून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि शिवारात त्यांचे पडाव पडतात. समजा, एखाद्या टोळीने मुकादमाकडून उचल घेतली आणि ठरल्या दिवशी ती आलीच नाही. मुकादम कपाळाला हात लावून जे म्हणेल, ते इंग्रजीत ‘द गँग डिडन्ट टर्न अप’ असे होईल. येथे ‘आली नाही’ ह्यापेक्षा ‘फिरकलीच नाही’, ‘उगवलीच नाही’, किंवा औपचारिक भाषेत ‘हजर झाली नाही’ हे शब्द अधिक नेमके होत.

प्रश्नार्थी व ‘जर-तर’च्या वाक्यांतही हाच अपेक्षेचा अर्थ असतो. ‘डिड एनीवन टर्न अप?’ म्हणजे ‘बोलावलेल्यांपैकी कोणी आले का?’ आणि ‘इफ यू डोन्ट टर्न अप’ म्हणजे ‘तुम्ही हजर झाला नाहीत तर’. ह्या वाक्यातील ‘बाय मंडे’ हेही नीट पाहा. ‘ऑन मंडे’ म्हणजे सोमवारी आणि ‘बाय मंडे’ म्हणजे सोमवारपर्यंत. त्याच्या आत केव्हाही चालेल, त्यानंतर नाही. अर्ज, फी, परीक्षेचे फॉर्म ह्यांच्या सूचनांत हा ‘बाय’ नेहमी येतो. तो ज्याने ओळखला नाही, त्याची मुदत टळलीच म्हणून समजा.

आता कोणी विचारील, येण्यासाठी ‘कम’, ‘अराइव्ह’, ‘रीच’ एवढी क्रियापदे असता इंग्रजीस ‘टर्न अप’ची गरज का पडावी? ह्याचे उत्तर आपल्या रेल्वे स्थानकावर उभे राहिल्यास सहज मिळेल. उधना ते जळगाव ह्या लोहमार्गावर चलथाण हे लहानसे स्थानक आहे. ह्याच मार्गावर पुढे बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे लागतात. नवापूरचे स्थानक तर अर्धे गुजरातेत व अर्धे महाराष्ट्रात आहे. इ. स. १९६० च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस दोन राज्ये निराळी झाली, तेव्हा त्यांची सीमा फलाटाच्या मधून गेली. ह्याच रुळांवरून आपल्यापैकी कित्येकांचे वडील किंवा आजोबा कामाच्या शोधात सुरतेकडे आले आणि ह्याच रुळांवरून आपण सणावारास गावी जातो.

आता गाडी येत आहे असे समजा. रेल्वेच्या वेळापत्रकात तिच्या येण्याच्या वेळेवर ‘अरायव्हल’ असे लिहिलेले असते. ‘अराइव्ह’ हे नोंदवहीचे क्रियापद आहे. ठरलेली गाडी, ठरलेले स्थानक. त्यात राग नाही, लोभ नाही. गाडीत बसलेला प्रवासी सुखरूप पोहोचल्यावर गावी दूरध्वनी करून सांगतो, ‘आय हॅव रीच्ड चलथाण’. ‘रीच’मध्ये प्रवाशाची दृष्टी आहे, गाठावयाचे ठिकाण त्याने गाठले. आणि फलाटावर दोन तास ताटकळलेला मनुष्य म्हणतो, ‘द ट्रेन हॅज टर्न्ड अप ॲट लास्ट!’ म्हणजे ‘आली एकदाची गाडी!’ घटना एकच, परंतु बोलणारे तिघे. नोंद ठेवणाऱ्याने एक क्रियापद घेतले, प्रवाशाने दुसरे आणि वाट पाहणाऱ्याने तिसरे.

आमच्या मते ‘टर्न अप’चे सारे रहस्य ह्यातच आहे. हे क्रियापद बहुधा ज्या ठिकाणी यावयाचे तेथे असलेल्या माणसाच्या बाजूने बोलते. त्याला अपेक्षा नव्हती आणि कोणी आले, तरी ‘टर्न अप’. त्याला अपेक्षा होती, फार वेळ गेला आणि मग कोणी आले, तरी ‘टर्न अप’. अपेक्षा होती आणि कोणी आलेच नाही, तर ‘डिडन्ट टर्न अप’. म्हणून हे क्रियापद वाक्यात दिसले, की ‘कोण आला?’ एवढेच न विचारता ‘वाट कोण पाहत होते?’ असेही विचारावे. अर्थ आपोआप उलगडेल.

ह्याच कारणाने काही ठिकाणी हे क्रियापद वापरणे शोभत नाही. एकदा स्नेहसंमेलनाचा इंग्रजी वृत्तान्त लिहिताना एका विद्यार्थिनीने ‘द चीफ गेस्ट टर्न्ड अप ॲट टेन’ असे लिहिले होते. व्याकरणाची चूक एकही नव्हती. परंतु ते वाक्य वाचून पाहुणे न बोलाविता आले, किंवा येतील की नाही अशी शंका असता एकदाचे उगवले, असा समज होण्याचा संभव होता. ‘प्रमुख पाहुणे दहा वाजता टपकले’ असे आपण मराठी वृत्तान्तात लिहू काय? तेथे ‘अराइव्ह’ हेच क्रियापद योग्य. ‘टर्न अप’ हे घरगुती, बोलण्यातील क्रियापद आहे. मित्रास पाठविलेल्या पत्रात ते खुलते. मुख्याध्यापकांस लिहिलेल्या अर्जात ते घालू नये.

तिसरा अर्थ हरवलेली वस्तू सापडण्याचा. ‘माय पेन टर्न्ड अप अंडर द बेंच’ म्हणजे ‘माझे पेन बाकाखाली सापडले’. येथेही नांगराचे चित्र आठवावे. मात्र ‘फाइंड’ व ‘टर्न अप’ ह्यांत भेद आहे. शोधणाऱ्याने शोधून काढले तर ‘फाइंड’. शोध सोडून दिल्यावर वस्तू आपली आपण समोर आली, तर ‘टर्न अप’. ह्या वाक्यात पेन हा कर्ता आहे, हे विसरू नका.

चौथा अर्थ संधीचा. ‘समथिंग विल टर्न अप’ म्हणजे ‘काही ना काही मार्ग निघेल’. ह्या वाक्याशी इंग्रजी साहित्यातील एका अमर पात्राचे नाव कायमचे जोडले गेले आहे. चार्ल्स डिकन्स ह्यांची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ही कादंबरी इ. स. १८५० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील मिकॉबर हे गृहस्थ मनाने दिलदार, पण सदैव कर्जात बुडालेले. कर्जापायी तुरुंगात जाण्याची पाळी आली, तरी काहीतरी ‘टर्न अप’ होईल ही त्यांची आशा सुटत नाही. डिकन्स ह्यांनी हे पात्र बरेचसे आपल्या वडिलांवरून रंगविले, असे मानले जाते. त्यांच्या वडिलांना खरोखरच इ. स. १८२४ मध्ये कर्जासाठी कारावास घडला होता. मिकॉबर ह्यांची गोष्ट मात्र गोड शेवटाची आहे. ते अखेरीस कुटुंबासह ऑस्ट्रेलियास जातात, तेथे कष्ट करतात आणि न्यायाधीशाच्या पदास पोहोचतात. ‘काहीतरी येईल’ म्हणून घरी बसले होते तोवर काहीच आले नाही. ते स्वतः उठून दूर गेले, तेव्हा दैव त्यांच्या दारी आले. ही कथा परक्या देशातील खरी; पण खानदेशातील कोरडवाहू शेत मागे ठेवून जे सुरतेच्या यंत्रमागावर आले, त्यांच्या मुलांस ती परकी वाटणार नाही.

आता व्याकरणाच्या दोन-चार गोष्टी सांगतो. येण्याच्या अर्थी ‘टर्न अप’ अकर्मक आहे. त्यामुळे ‘टर्न’ व ‘अप’ ह्यांच्या मध्ये दुसरा शब्द शिरत नाही. ठिकाण सांगावयाचे असल्यास बहुधा ‘ॲट’ येतो : ‘टर्न्ड अप ॲट द स्टेशन’. ‘अराइव्ह’लाही लहान ठिकाणी ‘ॲट’ व मोठ्या शहरापुढे ‘इन’ लागतो : ‘अराइव्ह ॲट चलथाण’ नाम दर्शविताना स्थानक मनात असते आणि ‘अराइव्ह इन सुरत’ म्हणताना शहर. ‘रीच’ला मात्र काहीच लागत नाही. आपली मुले ‘रीच्ड टू स्कूल’ असे लिहितात, ते ‘शाळेला पोहोचलो’ ह्या मराठी प्रयोगाच्या सवयीमुळे. तो ‘टू’ काढून टाकावा.

हेच क्रियापद सकर्मक झाले की अर्थ बदलतो. ‘टर्न अप द रेडिओ’ म्हणजे रेडिओचा आवाज वाढवा. येथे ‘टर्न द रेडिओ अप’ असेही म्हणता येते. पायजम्याची किंवा पाटलोणीची लांबी दुमडून वर घेणे, हेही ‘टर्न अप’च. म्हणून वाक्यात कर्म आहे की नाही, हे प्रथम पाहावे. आमच्या विद्यार्थ्याची शंका नेमकी येथेच होती. यंत्राचा वेग वाढवावयाचा असता, तर वाक्यात यंत्र आले असते. त्याच्या मनाने प्रश्न बरोबर विचारला होता, केवळ उत्तर त्याच्या कोशात नव्हते.

‘टर्न अप’चे काही भाऊबंदही ओळखून ठेवा. ‘शो अप’ जवळजवळ त्याच अर्थाचे असून अमेरिकेत विशेष प्रचारात आहे. ‘ड्रॉप इन’ म्हणजे जाता जाता कोणाकडे डोकावणे. ‘गेट इन’ म्हणजे गाडी किंवा माणूस मुक्कामी पोहोचणे. ‘पुल इन’ म्हणजे गाडी फलाटात शिरून थांबणे. आपण त्यास ‘गाडी फलाटाला लागली’ असे म्हणतो. ह्या ‘लागली’चा सुटा अर्थ एखाद्या इंग्रजाने कोशात शोधला, तर त्याची काय त्रेधा उडेल ते पाहा! झाडाला फळे लागतात, पायाला ठेच लागते, पोटाला भूक लागते, घराला आग लागते आणि फलाटाला गाडी लागते. मोल्सवर्थ ह्या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश इ. स. १८३१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. आपल्या भाषेतील असे शब्द गोळा करताना त्यास किती जणांना विचारावे लागले असेल, ह्याची कल्पनाच करावी. विचारण्यात कमीपणा नाही, हाच त्यातील धडा.

असो. आता त्या विद्यार्थ्याची हकीकत पुरी करतो. त्याने शाळेच्या कचेरीतूनच गावी दूरध्वनी केला. आजीला तोवर थोडा उतार पडला होता. वडील रविवारी निघाले, रात्री उशिरा चलथाणला उतरले आणि सोमवारी सकाळी पाळी सुरू होण्यापूर्वी मिलच्या दाराशी उभे राहिले. त्यांची जागा राहिली.

मंगळवारी आम्ही वर्गात ‘टर्न अप’ वापरून एकेक वाक्य करावयास सांगितले. त्या मुलाने लिहिले, ‘माय फादर टर्न्ड अप ऑन मंडे.’ आम्ही त्यास विचारले, “हे येणे अपेक्षित होते की अनपेक्षित?” तो क्षणभर थांबला व म्हणाला, “सर, आईच्या बाजूने अपेक्षित, मिलच्या बाजूने अनपेक्षित.” एवढ्या थोड्या शब्दांत ह्या क्रियापदाचे मर्म आम्हांलाही सांगता आले नसते.

मुलांनो, इंग्रजी शिकताना कोश अवश्य उघडा. परंतु सुट्या शब्दांचे अर्थ जुळवून वाक्याचा अर्थ लागला नाही, तर निराश होऊ नका व अंदाजावर विसंबूही नका. ते दोन शब्द एकत्र धरून पुन्हा पाहा आणि असाच प्रसंग आपल्या घरी कोणत्या शब्दांनी सांगतात, ते आठवा. तरीही उमगले नाही, तर कोणास तरी विचारा. आणि पालकांस आमची विनंती अशी की, इंग्रजीतील कोणताही कागद किंवा निरोप घरी आला, तो कितीही लहान असला आणि मुलाने त्याचा अर्थ सांगितला असला, तरी एकदा शाळेत दाखवावा. त्यासाठी वेळ ठरविण्याची किंवा आधी कळविण्याची आवश्यकता नाही. ज्या दिवशी सवड होईल त्या दिवशी खुशाल ‘टर्न अप’ व्हावे.